तिसरा ढीग

इंग्लंड,
९ मार्च १९९९

निक्या,

हे पत्र आधी तू एकट्यानं वाच. आबाले अन् मायले वाचून दाखवाचा भाग खाली वेगळा लिहिला आहे, त्यात मी मजेत आहे.

तू मागच्या पत्रात विचारलं होतं, "ताई, सरकारनं तुले स्कॉलरशिप देऊन विमानात बसवलं, पण तू तिथी शिकून काय राह्यली?" सांगते. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणते, माणूस आपला फायदा पाहूनच वागते. पण खऱ्या माणसाकडे पाह्यलं तर तो तसा वागतच नाई. मंग कसा वागते, काऊन वागते, हे खेळ मांडून तपासाचं. हा माझा विषय.

एक खेळ असा. दोन माणसं. एकमेकाले दिसत नाई. पहिल्याले दहा नग द्याचे. त्यानं ठरवाचं, आपल्याले किती ठेवाचे अन् दुसऱ्याले किती द्याचे. दुसऱ्यानं हो म्हटलं तर दोघायलेही आपापलं भेटते. नाई म्हटलं तर दोघायचंही जाते. इथी कॉलेजच्या पोरायवर हा खेळ शंभरदा झाला. माझ्या गाईडबाई म्हणतात, "तुझ्या गावात झाला का?" मी जोशात म्हटलं, होईल! माझा आतेभाऊ, म्हणजे आत्याचा निकेश, तिथी आहे!

आता तोंडातून गेलं. ३१ ऑगस्टले प्रबंध द्याचा आहे. नाई देल्ला तर डिग्री नाई, अन् स्कॉलरशिपची मुदत तिथंच संपते. चाळीस माणसं पायजे. करशील?

इथी भात भेटते. चव नाई, पण भेटते.

तुझी,
रिनाताई


धिवर मोहल्ला, ता. ब्रह्मपुरी
२६ मार्च १९९९

रिनाताई,

पत्र भेटलं. पोस्टमन लालसू पाकिटावरचं राणीचं तिकीट मांगत होता. मी म्हणलो, राणी आमच्या घरी आली हाय, तुह्या घरी काऊन पाठवू? शेवटी तंबाखू-सुपारीच्या एका खर्ऱ्यावर देऊन टाकलो.

मामामामीले तुह्या मजेचा भाग वाचून दाखवलो. मामीनं विचारलं, "थे मजेत हाय तर अक्षर एवढं बारीक काऊन लिवते?" मी म्हणलो, विलायतेत कागद महाग हाय.

म्हणजे लोक कसे वाटून घेते हे पाहाले तू सात समुद्र पार गेली? थे तर इथी तलावाच्या पाळीवर बसून फुकट दिसते! पण ठीक हाय, शिकलेल्या माणसाचं काही सांगता येत नाई.

तुह्या खेळात पैसे वाटू नको. पैशाचं नाव काढलं का लोक समजतीन इलेक्शन आलं, अन् दहाचे वीस मांगतीन. मासे ठेव. मे महिन्यात तलावात जाळं पडते, तेव्हा करून टाकू.

त्याच्यासाठी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत गेलतो. मी बोलाच्या आधी मामाच उभा राह्यला. तू जाणते, मामा बैठकीत तंबाखू मळते, बोलत नाई. म्हणे, "पोरीची परीक्षा हाय. दोन टोपले मासे लागते." अन् बसला. झिंगूबुवा म्हणे, "सोमाजी, परीक्षा पोरीची, अन् नापास झालो तर आमी का?" सगळे हासले. पण दोन टोपले मंजूर.

परीक्षेचं मले नको शिकवू. दहावीत गणिताले आमच्या सेंटरवर एका खोलीतल्या सगळ्यायचं उत्तर ३६ निंगालं. बरोबर होतं का नाई थे कोणी पाह्यलंच नाई. सगळे पेपर बाजूले. "सारखं उत्तर म्हणजे कॉपी!" मी तर खरंच सोडवलो होतो, आईशपथ, जिंदगीत एकदाच. तेव्हापासून गणिताचं अन् माहं बोलणं बंद हाय.

फॉर्म धाडजो.

निकेश


इंग्लंड,
१२ एप्रिल १९९९

निक्या,

फॉर्म धाडून राह्यली. वीस वाटणारे, वीस घेणारे. वाटणाऱ्यायची यादी मी केली, सगळ्यायले नंबर देल्ले. आबाचा नंबर सात.

फॉर्मवर दोनच खाने आहे. "स्वतःले किती ठेवले" अन् "दुसऱ्याले किती देल्ले". दोन्हीची बेरीज दहा झाली पायजे. वाटणारे शाळेत बसव, घेणारे अंगणवाडीत. कोणाची जोडी कोणासंग लागली हे कळाले नाई पायजे. फॉर्म अंगणवाडीच्या गुलाबबाई लिहितीन, तुझं अक्षर मी तुझ्या पाटीवर पाह्यलं आहे.

अन् ऐक. तू बोडीच्या पाण्यातल्या बेडकाले घंटी बांधली तेव्हा मी हासली. लालसूच्या सायकलची सीट उलटी बसवली तेव्हाही हासली. यात नाई. एकही आकडा इकडचा तिकडे करजो नको.

आठ दिवसांत हे पहिलं मराठी बोलून राह्यली, तेही कागदावर.

रिनाताई


धिवर मोहल्ला
१४ मे १९९९

रिनाताई,

झाला तुहा खेळ! जत्रा भरली होती.

वाटणारे शाळेत, घेणारे अंगणवाडीत, मधात मी टोपलं घेऊन धावून राह्यलो. तू म्हणली कोणाले कळाले नाई पायजे. आता गावात कसं नाई कळन? एक खोकलला का दुसरा इकडून वरडते, "कोण, झाडू का? दवाई घे न बे!" मंग मी सगळ्यायच्या तोंडात एकएक खर्रा भरलो. तोंड भरलं का माणूस बिनआवाजी.

झिंगूबुवा घेणारा होता. त्याच्यापुढं मासे ठेवलो अन् म्हणलो, "बुवा, घेता का नाई म्हणता?" म्हणे, "नाई म्हणलं तर काय होते?" म्हणलो, "दोघायचेही मासे जाते." बुवा म्हणे, "कोणाच्या घरी जाते?" म्हणलो, "तलावात." बुवा माह्याकडे पाहतच राह्यला. "पकडलेला मासा तलावात? हे शिकाले रिना विलायतेत गेली?" घेतले त्यानं. सगळ्यायनंच घेतले.

गुलाबबाईच्या कागदायले माशाचं पाणी लागलं, म्हणून मी सगळे फॉर्म कोऱ्या कागदावर उतरवून धाडून राह्यलो. पाय, अक्षर कसं काढलो! तू काळजी करू नको. लोक एकसारखे नाई निंगाले. कोणी सहा, कोणी पाच, कोणी चार. जसे पायजे तसे निंगाले.

मामा ठीक हाय. मामी ठीक हाय. लग्नाचा सीझन हाय, मी बँडमंदी झांज वाजवून राह्यलो, म्हणून पत्राले उशीर होते.

निकेश


इंग्लंड,
२९ मे १९९९

निकेश,

फॉर्म भेटले. गाईडबाईंले आकडे भल्ले आवडले. म्हणाल्या, एका गावात इतका फरक, छान आहे. मी मान हलवून बाहेर आली अन् बागेतल्या बाकावर बसून राह्यली.

नंबर सात. स्वतःले सात, दुसऱ्याले तीन.

वीस माणसांत सगळ्यात कमी देल्लं ते माझ्या बापानं. निक्या, तुले आठवते, पाळीवर ढीग लागले का आबा कधी आपल्या हातानं उचलत नसे. लोक जे देतीन ते घेऊन घरी. एकदा माय त्याच्यावर भांडली होती, "तुमच्या वाट्याले नेहमी डोकेच काऊन येते?" तो माणूस सात ठेवते? परक्याले तीन देते?

माणूस असा कधी बदलते हे मी इथी दहा पुस्तकांत वाचलं. घरात कमी असलं की बदलते.

मी दोन पत्रं घरी पाठवली, एकाचंही उत्तर नाई. आधीच्या पत्रात मायनं लिहवलं, "सगळं भरपूर आहे." लिहिणारा तूच न? ती काय म्हणली अन् तू काय लिहिलं? माझ्या जाण्यानं घरातला एक कमावता हात गेला, हे मले समजते. मी ब्रह्मपुरीत शिकवणी घेत होती तेव्हा निदान तेलमीठ तरी निंगत होतं.

मले इथी गमत नाई, हे तुले कधी लिहिलं नाई. वर्गात सगळे हासतात अन् मी एक क्षण उशिरा हासते. तरी रेटून नेत होती. पण बाप तिकडे मासे मोजून ठेवन अन् मी इकडे त्याच्यावर प्रबंध लिहीन, हे माझ्याच्यानं होणार नाई.

१५ जूनले ऑफिसात शिक्षण सोडल्याचा कागद देते अन् परत येते. आबाले आत्ताच सांगू नको.

रिना


धिवर मोहल्ला
१२ जून १९९९

रिनाताई,

तुहं पत्र परवा भेटलं. काल ब्रह्मपुरीले फोनच्या बूथवर गेलतो. खिशात होते तेवढ्या पैशात तुले एवढंच ऐकू आलं असन, "ताई, आकडे खोटे हाय, कागद देजो नको." तू म्हणली, "काय?" अन् लाईन गेली. बूथवाला म्हणे, "कोणाले रडवलं बे?" मी म्हणलो, मीच रडून राह्यलो, दिसत नाई का.

आता खरं सांगतो. बसून वाच.

पहिला वाटणारा झाडूभाऊ. त्याच्यापुढं दहा मासे ठेवलो. म्हणलो, वाट. त्यानं दोन ढीग केले, पाच अन् पाच, मोठा मासा इकडे तर दोन लहान हलवून तिकडे, अस्सं बरोबर. मंग पाठ फिरवून उभा राह्यला. मी म्हणलो, "आता का झालं?"

"ढिगावर बोट ठेव न बे. विचार, हा कोणाचा."

"भाऊ, तसं नाई. तुले जेवढे पायजे तेवढे तू ठेव."

थो पलटून माह्याकडे असा पाह्यला, जसा मी त्याच्या जाळ्यात मुतलो. म्हणे, "जो वाटते थो उचलते का कधी? शिकला कुठी तू?"

ताई, तू विसरली का? पाळीवर जाळं निंगालं का ढीग लावणारा पाठ करते, दुसरा बोट ठेवून विचारते "हा कोणाचा?", अन् पाठ केलेला न पाहता नाव घेते. लोकायनं थेच केलं. तुहा फॉर्म कोणाले समजलाच नाई. एकोणीस माणसं, एकोणीसही पाच-पाच. गुलाबबाई लिवून लिवून कंटाळली, म्हणे, "एकदाच लिवून खाली टिंब टिंब देऊ का?"

मले दहावीची थे खोली दिसली. म्हणलो, ताईची बाई हे पाहन अन् म्हणन, पोट्टीनं घरी बसून भरले, कॉपी! स्कॉलरशिप जाईन. म्हणून मी कोऱ्या कागदावर कोणाले सहा लिवलो, कोणाले चार. झाडूले सहा ठेवाले लावलो, कारण त्यानं माही टॉर्च परत नाई केली. मस्ती म्हणून नाई केलो ताई. म्हणजे टॉर्चची थोडी होती. बाकी तुह्यासाठी केलो.

आता मामाचं. नंबर सातचा आकडा मी बदलवलो नाई. थो मले बसवताच आला नाई.

मामानं तीन ढीग लावले. तीन, तीन, तीन. एक मासा उरला, थो बाजूले. अन् पाठ करून उभा.

मी म्हणलो, "मामा, माणसं दोनच हाय."

"तीन हाय. ठेव बोट."

पहिल्यावर ठेवलो. "हा कोणाचा?"

"समोरच्याचा."

"हा?"

"माहा."

"अन् हा?"

"रिनाचा."

म्हणलो, "ताई तर विलायतेले हाय."

मामा पाठ न फिरवता म्हणे, "मंग? गावाले गेलेल्या माणसाले पोट नसते का?"

उरलेला एक त्यानं गुलाबबाईले देल्ला, लिखापढीचा.

आता तूच सांग, तुह्या फॉर्ममंदी खाने दोन. बेरीज दहा पायजे. तुहे तीन मामाच्याच घरी गेले, म्हणून त्याच्या खान्यात टाकलो. एक गुलाबबाईचा कुठी टाकू? थोही तिथीच. झाले सात. तुह्या बापानं नाई ठेवले सात, मी ठेवलो.

अन् हे एकाच दिवसाचं नाई. तू गेली तेव्हापासून जाळं पडलं का मामा आपल्या वाट्याचे दोन ढीग करते. मामी तुहा ढीग वाळवून गाडग्यात भरते. मले म्हणे, रिनाले नको लिवू, थे रडन. घरात कमी नाई ताई. तुह्या नावाचं एक गाडगं जास्तच हाय.

गुलाबबाईचे खरे कागद छपराच्या कवेलूखाली ठेवलो होतो, थे रजिस्टर करून धाडून राह्यलो. वास येईन. नाक दाबून वाच.

आता मले मार, शिव्या दे, पण कागद देजो नको.

निकेश


इंग्लंड,
२८ जून १९९९

निक्या,

तुझ्या फोननं मी थांबली होती. कागद देल्ला नाई.

गधड्या, तुले ठाऊक आहे का तू काय केलं होतं? खोटे आकडे छापून गेले असते अन् मंग सापडले असते, तर डिग्री काय, माझं नावच गेलं असतं. मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडली होती की समोर असता तर बोडीत बुडवला असता.

तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. आमच्या होस्टेलच्या पोरी खिडक्या उघडून पळाल्या. मी दार लावून त्या कागदायचा वास घेत बसली.

मंग दोन्ही गठ्ठे घेऊन गाईडबाईंकडे गेली अन् सगळं सांगितलं. तुझा गठ्ठा बाईंनी फाडून टोपलीत टाकला. म्हणाल्या, या आकड्यायवर तू लिहिलेली दोन प्रकरणंही यातच गेली. मंग गुलाबबाईचे कागद एकएक करून पाह्यले. सातव्यावर थांबल्या. गुलाबबाईनं कडेले लिहिलं आहे, "तीन ढीग. एक मासा मी घेतला, माझी सही." बाईंनी विचारलं, "याले तिसरा खाना काऊन नाई?"

मी म्हटलं, कारण फॉर्म मी बनवला.

निक्या, चूक तुझी एक, माझी मोठी. ज्या पाळीवर मी लहानाची मोठी झाली, तिथी वाटणारा उचलत नाई. अन् मी त्यालेच विचारलं, तू किती उचलशील? पुस्तक वाचता वाचता मी आपली पाळ विसरली. अन् वरून बापावर संशय घेतला. खरं सांगू, मले परत याले एक कारण पायजे होतं. त्याचे सात मासे भेटले, ते धरून बसली.

आता नऊ आठवड्यांत सगळं नव्यानं लिहाचं आहे. होईल का नाई माहीत नाई. तुले दोन शिक्षा. एक, आपल्या जाळ्याची सगळी पद्धत लिहून धाड. कोण ढीग लावते, कोण बोट ठेवते, आजाऱ्याचा वाटा, बाळंतिणीचा वाटा, झिंगूबुवाले विचारून. त्यात एक शब्द खोटा नको. दोन, ऑक्टोबरच्या गणिताचा फॉर्म भर.

आबाले काही सांगू नको. फक्त विचार, पाठ दुखते म्हणत होता, ती कशी आहे.

रिनाताई


इंग्लंड,
३ ऑक्टोबर १९९९

निक्या,

पास झाली! पहिल्या वर्गात नाई, पण झाली. बाई म्हणाल्या, घाईत लिहिलं हे दिसते, पण सातवा फॉर्म त्या दरवर्षी नव्या पोरायले दाखवतीन. जाळ्याच्या पद्धतीची तुझी अठरा पानं मी इंग्रजीत करून प्रबंधाच्या मागं जोडली. लिहिणाऱ्याचं नाव तुझंच टाकलं. झिंगूबुवाच्या शिव्या मात्र गाळल्या.

काल आमच्या वर्गाचा निरोपाचा चहा होता. एक केक आणला होता. सगळे म्हणाले, रिना, तू कापून वाट. आम्ही सात जण होतो. मी आठ तुकडे केले अन् पाठ फिरवून उभी राह्यली. सगळे पाहत राह्यले, हिले काय झालं? बाई समजल्या. उठल्या, एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा कोणाचा?"

मी म्हटलं, "सोमाजीचा."

एका पोरानं विचारलं, सोमाजी कोण, कुठी आहे? मी म्हटलं, गावाले आहे.

या वेळी मी उशिरा नाई हासली. सगळ्यायच्या आधी रडली, मंग हासली. आबाचा तुकडा तिथपर्यंत टिकला नसता म्हणून मीच खाल्ला. त्याले सांग, गोड होता.

दिवाळीच्या आधी येते.

रिनाताई


धिवर मोहल्ला
२१ ऑक्टोबर १९९९

रिनाताई,

तुहं पत्र पाळीवर बसून सगळ्यायपुढं वाचलो. केकचं ऐकून मामानं विचारलं, "थो का असते?" मी म्हणलो, गोड पावासारखा. मामा विचार करून म्हणे, "बरं झालं. काटे नसन." मंग जाळं सोडवाचं म्हणून पाण्यात उतरला. जाळं गुंतलंच नव्हतं, मी पाह्यलो.

मामी तेव्हापासून घर सारवून राह्यली. एकच घर हाय, तिसऱ्यांदा सारवून झालं.

गणिताचा पेपर देलो. एका हिशोबाचं उत्तर माहं अन् बाजूच्याचं एकसारखं निंगालं. हात खोडाले उठला होता. पण मी बदलवलो नाई. जाऊ दे, धरले तर धरले.

आता तू येऊन राह्यली अन् खोटे आकडे पकडाचं तुहं शिक्षण झालं हाय, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तुहं गाडगं अर्धं हाय. मामीले मी सांगतलो का मांजरीनं खाल्लं. मांजरीनं एकदाच खाल्लं ताई. बाकीच्या वेळी पावसाळा होता, भाजी नव्हती, अन् वास भल्ला मस्त येत होता.

पण खाताना दर वेळी मी पाठ फिरवून उभा राह्यलो, अन् स्वतःलेच विचारलो, हा कोणाचा. नाव तुहंच घेतलो. मंग खाल्लो.

निकेश